सही ज्याची, जबाबदारी त्याची

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला. एका खासगी कंपनीनं आपलं उत्पन्न ३ कोटी ९ लाख रुपये दाखवलं होतं. खात्यानं ते २७ कोटी ९१ लाख ठरवलं, म्हणजे जवळपास नऊपट. एवढी वाढ करायची तर कायद्याचा आधार हवा. आदेशात तोही होता: तीन न्यायनिवाडे, रीतसर हवाल्यासकट. कंपनीच्या वकिलांनी ते शोधायला घेतले, तर एकही सापडेना. सापडणार कुठून? तसे निवाडे कुठल्याही न्यायालयानं कधी दिलेच नव्हते.

न्यायालयानं खात्याला बजावलं की एआयच्या या काळात यंत्रानं समोर टाकलेल्या गोष्टींवर डोळे झाकून विसंबू नका, वापरण्याआधी त्या पडताळून पाहा. प्रकरण नव्यानं निर्णयासाठी परत पाठवण्यात आलं. या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती, आणि मला ती जास्त बोचते. माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं खात्याच्या नोटिशीला उत्तर पाठवलं होतं, कागदपत्रं जोडली होती. तरी आदेशात लिहिलं होतं की उत्तर आलं नाही. हे काही यंत्राचं काम म्हणता येणार नाही. फाइल टेबलावर होती आणि ती कुणी उघडून वाचली नव्हती.

जनरेटिव्ह एआयच्या नैतिकतेवर सध्या परिषदा भरतात, पुस्तिका निघतात, शपथा घेतल्या जातात. माझ्या मते सगळ्याचं सार एका ओळीत मावतं: ज्याची सही, त्याची जबाबदारी. यंत्रानं लिहिलं असेल, कारकुनानं लिहिलं असेल, नाहीतर मेहुण्यानं लिहून दिलं असेल. खाली ज्याचं नाव आहे त्यानं प्रत्येक ओळ आपली मानली पाहिजे. मानता येत नसेल तर सही करू नये.

पान नंबर दिला म्हणून

हे खोटे हवाले येतात कुठून, ते समजून घ्यायला हवं. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसमोर आलं. त्याच्यासारखी सगळी यंत्रं मुळात एकच काम करतात. आतापर्यंतच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, हे ती ठरवतात. लाखो निवाडे वाचून यंत्राला निवाड्याच्या हवाल्याचा साचा पाठ झालेला असतो: अमुक विरुद्ध तमुक, वर्ष, खंड, पान. तुम्ही निवाडा मागितलात की ते तो साचा भरून देतं. भरलेला निवाडा खरा आहे की नाही, हे तपासण्याची सोय त्या कामात मुळातच नाही. आता काही यंत्रांना इंटरनेटवर शोध घेण्याची जोड दिली आहे, त्यामुळे चुका कमी होतात. पण थांबलेल्या नाहीत. गाव कधी न पाहिलेला माणूस वाटसरूला बिनदिक्कत रस्ता सांगतो, तसा हा कारभार. सांगणाऱ्याचा स्वर इतका ठाम असतो की पुन्हा कुणाला विचारावंसं वाटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये हे सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत घडलं. विमानातल्या ट्रॉलीचा धक्का लागून गुडघा दुखावला म्हणून एका प्रवाशानं एव्हियान्का या विमान कंपनीवर दावा लावला. त्याच्या वकिलांनी न्यायालयात सहा निवाडे दिले, सहाही काल्पनिक. निवाडे खरे आहेत का, हे वकिलानं विचारलं होतं. पण विचारलं ते चॅटजीपीटीलाच! त्यानं हो म्हटलं. जून २०२३ मध्ये न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी वकिलांना ५ हजार डॉलर दंड केला. यंत्र वापरलं हा त्यांच्या मते गुन्हा नव्हताच. कागद खरा असल्याची खात्री करून घेणं हे वकिलाचं काम, आणि तेच झालं नव्हतं.

असाच प्रकार आमच्या टेबलावरही आला. एका होतकरू मुलानं दिवाळी अंकासाठी जुन्या पुण्यातल्या पेठांच्या बाजारांवर लेख पाठवला. भाषा सफाईदार, परिच्छेद आखीव. तळटिपेत एका पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, प्रकाशन आणि पानाचा आकडा. आमच्या मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंचं वाचन दांडगं. पुस्तकाचं नाव त्यांना ओळखीचं वाटेना. त्यांनी आधी ग्रंथालयात फोन लावला, मग प्रकाशकाकडे. प्रकाशन संस्था खरी होती, लेखक खरे होते. पण त्या लेखकानं त्या नावाचं पुस्तक कधी लिहिलंच नव्हतं. मुलाला फोन केला.

‘सर, मी एआयला संदर्भ देऊनच लिही असं सांगितलं होतं.’

‘अरे, पण तू पुस्तक पाहिलंस का?’

‘नाही सर. त्यानं पान नंबर दिला होता ना, म्हणून...’

मुलगा लबाड नव्हता. पानाच्या आकड्याला तो भुलला. आकडा दिसला की आपण समजतो, कुणीतरी ते पान उघडून पाहिलं असणार. आजवर हा समज बहुतेक वेळा बरोबर ठरत होता, कारण माणसाला खोटा पान नंबर रचायलाही थोडे कष्ट पडतात, थोडी लाज वाटते. यंत्राला ना कष्ट, ना लाज. म्हणून पहिला नियम असा: यंत्रानं दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहायचा. उघडता आला नाही तर तो काढून टाकायचा. वेळ नव्हता ही सबब चालणार नाही. यंत्रानं लिहिण्याचे चार तास वाचवले असतील, तर त्यातला एक तास पडताळणीचा आहे.

मोठ्या नावांचीही यातून सुटका नाही. डेलॉइट या सल्लागार संस्थेनं ऑस्ट्रेलिया सरकारला सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर घेऊन एक अहवाल दिला. त्यात अस्तित्वात नसलेले संशोधन निबंध निघाले आणि न्यायालयाच्या निकालातलं म्हणून छापलेलं बनावट अवतरणही निघालं. हा घोटाळा विद्यापीठातल्या एका अभ्यासकाच्या नजरेला आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये संस्थेनं पैशांचा काही भाग परत केला. इतक्या मोठ्या संस्थेत अहवाल किती टेबलांवरून फिरला असेल! प्रत्येक टेबलानं गृहीत धरलं की आधीच्या टेबलानं तपासलंय.

‘ते चॅटबॉट बोललं, आम्ही नाही’

जबाबदारी झटकण्याचा सगळ्यात धीट प्रयत्न एअर कॅनडानं केला. आजी वारली म्हणून एक माणूस तातडीनं विमानानं निघाला. कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं त्याला सांगितलं की तिकीट आता घ्या, शोकसवलतीचा अर्ज नंतर केला तरी चालेल. कंपनीचा खरा नियम उलटा होता. सवलत नाकारली गेली, माणूस लवादाकडे गेला. तिथं कंपनीनं चॅटबॉट म्हणजे जणू वेगळी कायदेशीर व्यक्ती असून तिच्या बोलण्याला तीच जबाबदार, अशा थाटाचा युक्तिवाद केला. ब्रिटिश कोलंबियाच्या लवादानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तो धुडकावून लावला. वेबसाइट तुमची, तर तिच्यावरचा प्रत्येक शब्द तुमचा. कंपनीला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर मोजावे लागले.

रक्कम किरकोळ आहे, तत्त्व मोठं आहे. आज आपल्याकडे बँक, विमा कंपनी, वीज कंपनी, महापालिका, सगळ्यांच्या दारात चॅटबॉट उभे राहू लागले आहेत. ग्राहकानं विचारलेल्या प्रश्नाला चुकीचं उत्तर मिळालं आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई कोण देणार? ‘उत्तरं चुकीची असू शकतात’ अशी बारीक अक्षरांतली ओळ खाली टाकली म्हणजे हात धुऊन झाले, असं समजणं हा ग्राहकावर अन्याय आहे. काउंटरवर बसवलेल्या नोकराच्या चुकीला मालक जबाबदार असतो. काउंटरवर यंत्र बसवल्यानं मालक बदलत नाही.

शेतीत तर हा प्रश्न पोटाचा आहे. राज्य मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं. ५०० कोटींची तरतूद आहे, शेतकऱ्याला त्याच्या भाषेत मोबाइलवर सल्ला मिळावा असा हेतू आहे. हेतू चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूनं आहे. कृषी सहायकाला बांधावर यायला चार दिवस लागतात, फोन चार सेकंदांत उत्तर देतो. पण डाळिंबावर कोणतं बुरशीनाशक, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद, यांतला एक आकडा चुकला तर बाग हातची जाते, नाहीतर माल निर्यातीच्या तपासणीत अडकतो. शेतकरी मग कुणाच्या दारात जाणार? मागणी साधी आहे. मात्रा, औषध, मुदत यांबद्दलचं प्रत्येक उत्तर कृषी विद्यापीठाच्या तपासलेल्या शिफारशीतूनच यावं, ती शिफारस कोणत्या वर्षाची आहे हे उत्तरातच दिसावं, आणि शेवटी तालुक्यातल्या एका जिवंत अधिकाऱ्याचं नाव नि फोन असावा.

हे यंत्र मराठीत बोलतं म्हणून त्याला महाराष्ट्र कळतो, असंही समजू नये. ज्या मजकुरावर ही यंत्रं शिकली त्यात इंग्रजीचा वाटा प्रचंड, मराठीचा अगदी नगण्य. वारसनोंद, फेरफार, सातबारा यांबद्दल विचारलं की कधी कधी दुसऱ्याच राज्याचा नियम शुद्ध मराठीत समोर येतो. वऱ्हाडीत किंवा अहिराणीत प्रश्न विचारला की गोंधळ आणखी वाढतो. म्हणून लोकांच्या हातात देण्याआधी अशा सेवांची चाचणी जळगावच्या, यवतमाळच्या, सिंधुदुर्गच्या माणसांकडून, त्यांच्या बोलीत, त्यांच्या खऱ्या प्रश्नांवर व्हायला हवी. मुंबईच्या सभागृहातल्या सादरीकरणावर ती मंजूर होता कामा नये.

आवाजाला मालक असतो

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आशा भोसले यांच्या आवाजाला संरक्षण दिलं. त्यांच्या आवाजाची एआयनं केलेली नक्कल विनापरवानगी विकणाऱ्या कंपन्यांना न्यायालयानं अंतरिम मनाई केली. त्याआधी जुलै २०२४ मध्ये याच न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या बाबतीत असाच आदेश दिला होता. परवानगीशिवाय कुणाचाही आवाज कुणालाही त्या गायकाच्या आवाजात बदलून देणारं साधन पुरवणं, हाच त्या व्यक्तीच्या हक्कांवरचा घाला आहे, ही भूमिका न्यायालयानं घेतली. गळा घडवायला आयुष्य जातं. त्याची प्रत काढायला आता काही सेकंदांचं ध्वनिमुद्रण पुरतं. प्रत काढणं सोपं झालं म्हणून मालकी संपत नाही.

सचिन तेंडुलकरचा बनावट व्हिडिओ जानेवारी २०२४ मध्ये फिरला. त्यात तो एका गेमिंग ॲपची भलामण करताना दिसत होता. सचिननं स्वतः तो खोटा असल्याचं जाहीर केलं, मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ठीक झालं. पण सचिन बोलला की अख्खा देश ऐकतो. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा फोटो वर्गातल्याच एखाद्यानं इन्स्टाग्रामवरून उचलून असल्या यंत्रात घातला, तिची नग्न प्रतिमा बनवली आणि ग्रुपवर टाकली, तर तिचं कोण ऐकणार? तिच्याकडे वरिष्ठ वकील नाही. घरात पहिला प्रश्न येतो, ‘फोटो टाकलाच कशाला होतास?’ पोलीस ठाण्यात दुसरा प्रश्न येतो, ‘बदनामी होईल, तक्रार करायचीच आहे का?’

करायचीच आहे. अश्लील प्रतिमा प्रसारित करणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७-अ ही कलमं लागतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते, १९३० ही हेल्पलाइन आहे, आणि अशा प्रतिमा तक्रारीनंतर मुदतीत काढून टाकणं समाजमाध्यम कंपन्यांवर बंधनकारक आहे. पण कायद्याच्याही आधी कॉलेजची, शिक्षकांची, पालकांची एक जबाबदारी आहे. मुलग्यांना समोर बसवून स्पष्ट सांगायला हवं की ही गंमत नाही, हा गुन्हा आहे; आणि प्रतिमा बनवणारा जितका दोषी, तितकाच ती पुढे पाठवणाराही. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हे वाक्य ‘ते चॅटबॉट बोललं’ याचंच सख्खं भावंड आहे.

पेस्ट करण्याआधी

आता तुमच्या-माझ्या रोजच्या सवयीबद्दल. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा गोपनीय संगणकीय कोड चॅटजीपीटीत टाकला, आणि कंपनीला असल्या साधनांवर बंदी घालावी लागली. आपल्या अर्थ मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना सांगितलं की कार्यालयाच्या संगणकावर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधनं वापरू नका, सरकारी कागदपत्रांची गोपनीयता धोक्यात येते. ही सूचना दिल्लीपुरती राहिली तर उपयोग नाही. खरा धोका खालच्या टेबलावर आहे.

पोलीस ठाण्यातला हवालदार फिर्यादीची भाषा सुधारायला आख्खी फिर्याद पेस्ट करतो, त्यात पीडितेचं नाव असतं. लॅबमधला मुलगा रिपोर्टचा अर्थ मराठीत काढायला पेशंटचं नाव, वय, आजार सगळं टाकतो. शाळेतले सर निकालाचा तक्ता बनवायला मुलांची यादी आधार क्रमांकासकट टाकतात. यांतल्या कुणाच्याही मनात वाईट नाही. प्रत्येकाला काम लवकर उरकायचंय. पण तो मजकूर एका परक्या कंपनीच्या सर्व्हरवर गेला. तिथं तो किती काळ राहील, पुढच्या यंत्राच्या शिकवणीसाठी वापरला जाईल का, हे त्या कंपनीच्या अटींवर आणि आपण न पाहिलेल्या सेटिंगवर ठरतं. ज्याची माहिती गेली, त्या माणसाला याची गंधवार्ताही नसते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२३ मध्ये केला, त्याच्या मुळाशी संमतीच आहे. ही संमती हवालदारानं, लॅबवाल्यानं किंवा सरांनी परस्पर द्यायची नसते.

नियम कठीण नाही. नाव, मोबाइल, आधार, पत्ता, गट नंबर, आजार, गुन्ह्याचा तपशील, यांतलं काहीही आत जाऊ द्यायचं नाही. भाषा सुधारून हवी असेल तर नावांच्या जागी ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. तेही जमण्यासारखं नसेल, तर ते काम यंत्राला देण्याजोगं नाही असं समजा. आणि साहेबांनीही लक्षात ठेवावं की कर्मचाऱ्यावर नुसती बंदी घातली की तो खिशातल्या मोबाइलवर तेच करतो. त्याला कार्यालयानं तपासून घेतलेलं सुरक्षित साधन द्या, आणि कशासाठी वापरायचं, कशासाठी नाही, हे अर्ध्या पानात लिहून भिंतीवर लावा.

पुलंच्या नावावर

पुलंनी कधी न लिहिलेलं किती साहित्य पुलंच्या नावावर व्हॉट्सॲपवर फिरतं! कुणाची तरी बेतास बात कविता, खाली ‘पु. ल. देशपांडे’ असं टाकलं की शंभर ग्रुपांत पोहोचते. कुसुमाग्रजांच्या, वपुंच्या नावावरही हा उद्योग वर्षानुवर्षं चालू आहे. आजवर निदान कुणीतरी बसून ती कविता लिहावी लागत होती. आता ‘पुलंच्या शैलीत लिही’ असं सांगितलं की पानंच्या पानं बाहेर पडतात. उद्या एखादा विद्यार्थी प्रबंधात त्यातलंच वाक्य पुलंचं म्हणून उद्धृत करेल, परवा तोच प्रबंध यंत्राच्या वाचनात जाईल आणि तेरवा यंत्र ते वाक्य ठणकावून पुलंचं म्हणून सांगेल. अशानं एका भाषेची स्मृतीच नासते. मराठीचा डिजिटल साठा आधीच लहान आहे, त्यामुळे तो लवकर गढूळ होतो.

ज्यांच्या पुस्तकांवर ही यंत्रं शिकली, त्या लेखकांचा हिशेबही बाकी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीनं लेखकांशी १५० कोटी डॉलरची तडजोड केली, कारण लाखो पुस्तकं चोरट्या ऑनलाइन संग्रहांतून उतरवून घेतल्याचा दावा तिच्यावर होता. भारतात एएनआय वृत्तसंस्थेचा ओपनएआयविरुद्धचा खटला नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सुरू झाला. मराठी लेखक-प्रकाशकांनी यात मागे राहू नये. आपली पुस्तकं पीडीएफ होऊन टेलिग्रामवर फिरतात हे प्रत्येक प्रकाशकाला ठाऊक आहे, आणि ती फुकट वाचणारे वाचकही आपल्यातलेच आहेत. लेखकाच्या घामाला किंमत आहे असं वाटत असेल, तर ती कंपनीकडूनही मागावी आणि स्वतःही मोजावी.

लिहिणाऱ्यांसाठी एवढंच: यंत्राची मदत घेतली असेल तर सांगा. शुद्धलेखन तपासून घेतलं, मुद्दे मांडून घेतले, भाषांतराचा पहिला खर्डा करून घेतला, यात लपवण्यासारखं काही नाही. लपवलं की संशय येतो, आणि मग जो स्वतः रात्र जागून लिहितो त्याच्याही लेखावर तोच संशय बसतो. शिक्षकांनीही यंत्र पकडणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर भरवसा ठेवून मुलांना चोर ठरवू नये, कारण ती यंत्रंही चुकतात. मुलाला पाच मिनिटं समोर बसवून त्याच्याच निबंधाबद्दल चार प्रश्न विचारा. त्याला काय समजलंय ते तेवढ्यात कळतं.

तत्त्वं भरपूर, तपासणारा कुठंय?

नैतिक तत्त्वांचा दुष्काळ नाही. युनेस्कोच्या १९३ सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२१ मध्येच एआयच्या नीतितत्त्वांची शिफारस स्वीकारली. युरोपचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. भारत सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये सात सूत्रं जाहीर केली, त्यात विश्वास, समन्यायी वागणूक, उत्तरदायित्व सगळं आहे. वाचायला छान आहे. पण ‘उत्तरदायित्व’ असं छापल्यानं उत्तर देणारा माणूस तयार होत नाही. त्याला नेमावा लागतो, त्याच्या टेबलावर काम ठेवावं लागतं आणि काम न झाल्यास त्याला विचारावं लागतं.

मला यांतला सगळ्यात कामाचा कागद केरळचा वाटतो. केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआय वापराचं धोरण काढलं. निष्कर्ष, दाद, आदेश, निकाल यांपर्यंत पोहोचण्यासाठी एआय वापरायचं नाही. मंजूर केलेलीच साधनं वापरायची. भाषांतरासारख्या कामात यंत्राची मदत घेतली तरी ती माणसानं तपासायची. आणि मुख्य म्हणजे कुठं, कोणतं साधन वापरलं आणि ते कुणी, कसं पडताळलं, याची नोंद ठेवायची. नियम मोडला तर शिस्तभंगाची कारवाई. इथं तत्त्वाला नोंदवही मिळाली. ही खबरदारी अनाठायी नव्हती, हे पुढच्या काही महिन्यांतच दिसलं. अमेरिकेत दोन फेडरल न्यायाधीशांना, कार्यालयातल्या माणसांनी एआय वापरून केलेल्या चुकांमुळे, आपले आदेश मागे घ्यावे लागले. न्यायाधीशाच्या सहीखाली जर असं जाऊ शकतं, तर तहसीलदाराच्या सहीखाली का जाणार नाही?

म्हणून माझी मागणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयाकडे, बँकेकडे, रुग्णालयाकडे, विद्यापीठाकडे आहे. नागरिकाच्या पैशावर, जमिनीवर, आरोग्यावर, परीक्षेवर किंवा अब्रूवर परिणाम करणाऱ्या कागदासाठी यंत्राची मदत घेतली असेल, तर कागदाच्या तळाशी दोन ओळी हव्यात: मदत कशासाठी घेतली आणि मजकूर कुणी तपासला. तपासणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख. त्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची असेल तर ती ऐकायला माणूस हवा, दुसरा चॅटबॉट नव्हे. यासाठी नवं खातं नको, निविदा नको. एक शासन निर्णय पुरे.

तोवर आपण एक करू शकतो. समोर कागद आला आणि शंका वाटली, तर खिडकीवर विचारायचं: ‘साहेब, हे तपासलं कुणी?’ ‘सिस्टिमनं दिलंय’ हे उत्तर घ्यायचं नाही. सिस्टिमला दंड होत नाही, तिची चौकशी लागत नाही, तिची पेन्शन अडकत नाही. म्हणून सगळे तिच्याआड उभे राहतात. ज्यानं तपासलं त्याचं नाव मागायचं. नाव मिळालं नाही, तर कागद तिथंच परत करून नव्यानं मागायचा, तपासून आणि सहीनिशी.